मिंदोरोतला नाताळ: १५ डिसेंबरच्या आत पोहोचा, नाहीतर जाऊच नका

फिलिपिन्समध्ये नाताळ करायला निघालेल्या वसईच्या, नगरच्या, गोव्याच्या सिस्टर-ब्रदरांना आणि प्रापंचिकांना माझं पहिलं सांगणं एकच आहे. २० ते २४ डिसेंबर या दिवसांत मिंदोरो बेटावर जाण्यासाठी मनिलाच्या दक्षिणेकडच्या बातांगास बंदराच्या धक्क्यावर पाऊल ठेवू नका. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

मला मनिलात सांगितलं गेलं ते असं: सकाळी निघा, रात्रीच्या जेवणाला मिंदोरोच्या दक्षिणेकडच्या मान्सालाय गावात. बसने बातांगास बंदर दोन-अडीच तास, तिथून मिंदोरोवरच्या कालापान बंदराला जलद बोट तासाभराची, पुढे व्हॅनने दक्षिणेकडे. एरवी हे खरंच आहे. जानेवारीत परतताना मला साधारण तेवढाच वेळ लागला. पण सांगणारीने नाताळचा आठवडा धरलाच नव्हता, आणि समुद्रही धरला नव्हता.

बातांगास-कालापान हा फक्त मिंदोरोचा रस्ता नाही. मनिलाहून पानाय बेटावर, म्हणजे इलोइलोकडे किंवा बोराकायच्या बाजूला जाणाऱ्या बसगाड्याही याच बोटींवर चढतात, मिंदोरो उभं ओलांडतात आणि रोहास बंदरातून पुढची बोट घेतात. नाताळात सगळा देश घरी निघालेला असतो. सौदीतून, दुबईतून, हाँगकाँगमधून आलेली माणसं खोक्यांवर खोकी रचून त्याच रांगेत उभी असतात. त्यात डिसेंबरमध्ये ईशान्येचा वारा असतो, तिकडे त्याला आमिहान म्हणतात. तो जोरात असला की आधी जलद बोटी बंद होतात, मग मोठ्या. वादळाचा इशारा लागला की तटरक्षक दल सगळंच थांबवतं. डिसेंबर म्हणजे वादळं संपली, हा आपल्याकडचा समज तिकडे चालत नाही. २०१६ मध्ये २५ डिसेंबरलाच कातांदुआनेसवर वादळ धडकलं, २०१९ मध्ये २४ तारखेला पूर्व सामारवर, आणि २०२१ मध्ये १६ डिसेंबरला, नाताळाआधीच्या नऊ पहाटमिस्सांतल्या पहिलीच्याच दिवशी, सिआरगावपासून सेबू-बोहोलपर्यंत सगळं उद्ध्वस्त झालं.

मी गेले तेव्हा वादळ नव्हतं, नुसता वारा होता. तिकीटखिडकीवर मला जलद बोटीचं तिकीट दिलं, पैसे घेतले आणि ‘पुढची बोट’ म्हणून सांगितलं. पुढची बोट आलीच नाही. जलद बोटी दुपारीच थांबल्या होत्या आणि हे तिकीट विकणाऱ्याला ठाऊक होतं. पैसे परत घ्यायची रांग वेगळी, मोठ्या बोटीच्या तिकिटाची वेगळी, बंदराच्या शुल्काची वेगळी. प्रवाशांच्या यादीत नाव पासपोर्टवर आहे तसंच लागतं. माझं आडनाव अर्धं लिहिलं गेलं होतं म्हणून मला रांगेच्या टोकाला परत पाठवलं. तेव्हा तिकीट हातात पडताच तिथेच उभं राहून नाव वाचा, मागून कोणी कितीही ढकललं तरी.

त्या गर्दीत एक तरुण जवळ आला. दुप्पट पैसे दिले तर लगेच चढवतो म्हणाला. दोन-तीन जणांनी दिलेही. कृपा करून देऊ नका. पैशांपेक्षा मोठं कारण आहे. १९८७ मध्ये २० डिसेंबरला नाताळसाठी मनिलाकडे निघालेलं ‘दोन्या पाझ’ हे प्रवासी जहाज मरिंदुके आणि मिंदोरो यांच्यामधल्या समुद्रात तेलवाहू जहाजावर आदळलं. चार हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातल्या असंख्य जणांची नावं यादीतच नव्हती, कारण जहाजात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक कोंबलेले होते. शांततेच्या काळातला इतका मोठा जहाज-अपघात जगात दुसरा नाही. माझ्या शेजारी फरशीवर बसलेल्या आजींच्या घरचं माणूस त्यात गेलं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, आमच्याकडे नाताळला उशीर झाला तर कोणी रागावत नाही. हे ऐकल्यावर मला रांगेची तक्रार करवेना. पण फसवून तिकीट विकणाऱ्याची तक्रार मी आजही करते.

रात्र फरशीवरच गेली. स्वच्छतागृहाची अवस्था लिहिण्यासारखी नाही. पाणी, बिस्किटं आणि सुटे पेसो जवळ ठेवा. एक पेसो म्हणजे दीड रुपयाच्या आसपास. मोबाइल चार्ज करायलाही तिथे पैसे घेतात.

पण पहाटे चारच्या सुमारास एका बाईने फोनवर आपल्या गावच्या चर्चची मिस्सा लावली आणि फोन खोक्यावर उभा केला. मग रांगेतले लोक एकेक करून उभे राहिले. प्रतिसाद म्हणू लागले, गाऊ लागले. खिडकीतला माणूसही थांबला. मी मिस्सेला लहानपणापासून जाते आहे, तरी त्या पहाटेसारखी ‘ग्लोरिया’, म्हणजे मिस्सेतलं देवाच्या गौरवाचं गीत, मी कुठे ऐकलेली नाही.

हे नीट कळायला सिंबांग गाबी म्हणजे काय ते सांगायला हवं. १६ ते २४ डिसेंबर, नऊ पहाटा, नऊ मिस्सा. स्पॅनिश काळात शेतकऱ्यांना उजाडायच्या आत शेतावर जायचं असे, म्हणून मिस्सा अंधारात ठेवली जाई. ती वेळ अजून टिकून आहे: कुठे तीन, कुठे चार, कुठे साडेचार. आपल्याकडे आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, वेदीवर जांभळा रंग असतो आणि ग्लोरिया म्हणत नाहीत. तिथे या नऊ पहाटांना धर्मगुरू पांढऱ्या वस्त्रांत येतात आणि ग्लोरिया मोठ्याने गायली जाते. नऊच्या नऊ पुऱ्या केल्या तर मनातलं मागणं पूर्ण होतं, अशी लोकांची श्रद्धा आहे. रात्रपाळी संपवून थेट चर्चला येणारी मुलं मी मनिलात पाहिली. शहरात आदल्या संध्याकाळीही मिस्सा असतात. सोयीच्या आहेत, पण त्यांच्यावर समाधान मानू नका. पहाटेलाच जा.

मिस्सेनंतर दारात बिबिंका मिळतं: केळीच्या पानावर ओतलेलं तांदळाचं पीठ, खाली निखारे आणि वरही निखारे, त्यावर खारवलेलं अंडं आणि खोबरं. जांभळं पुतो बुंबोंग बांबूच्या नळीत उकडतात. सोबत आल्याचा गरम सालाबात. मनिलातले ते दिवस सुखाचे गेले, त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही. तिथे तुम्हाला कोणाच्या सल्ल्याची गरज पडणार नाही.

म्हणूनच शीर्षकात १५ तारीख लिहिली आहे. फिलिपिनो माणसाचा नाताळ या नऊ पहाटांमध्ये असतो, आणि २४ ची रात्र हा त्यांचा शेवट. आपण आपल्या हिशेबाने २३ ला पोहोचायचं ठरवतो आणि मुख्य गोष्ट रस्त्यात घालवतो. पहिल्या पहाटेपासून एकाच गावात राहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चर्चमधल्या बायका तुमच्यासाठी बाकावर जागा धरतात, आणि तिथून पुढे तुम्ही पाहुणे राहत नाही.

आता कालापान. बोटीतून उतरताच व्हॅनवाले घेरतात. मला सांगण्यात आलं की नाताळमुळे दक्षिणेकडच्या नेहमीच्या व्हॅन बंद आहेत, ‘स्पेशल’ करावी लागेल. मी थकलेली होते, भिजलेली होते, सोबतच्या दोन मुली आजारी पडत आल्या होत्या. जे मागितलं ते दिलं. बंदराच्या फाटकाबाहेर आलो तर तिथे नेहमीच्या व्हॅन ओळीने उभ्या होत्या, माणशी दराने, भरल्या की सुटत होत्या. फरक थोडाथोडका नव्हता, जवळपास दहापट होता. पैसे मिशनच्या पेटीतले होते, लोकांनी चार-चार आणे टाकून जमवलेले, म्हणून राग अजून गेलेला नाही. तर, बंदराच्या आवारात कोणाशीही दर ठरवू नका. बॅग उचलू देऊ नका. फाटकाबाहेर चालत या. रोहास तीनेक तास, मान्सालाय त्याच्या पुढचं गाव. गावात ट्रायसिकल, म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल-रिक्षा, करताना आत नगरपालिकेचा दरफलक लावलेला असतो, तो आधी वाचा. ‘पामास्को’ म्हणून चालक वर थोडं मागेल. ते जरूर द्या. ते नाताळचं देणं आहे, लूट नाही.

भारतीयांसाठी एक खास सूचना. लहान गावांत आपला चेहरा दिसला की लोक आधी सावकार समजतात. मोटरसायकलवर फिरून पाच पेसो देऊन सहा वसूल करणारे भारतीय, बहुतेक पंजाबी, तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांना ‘बुंबाय’ म्हणतात. मी साध्या कपड्यांत होते. एका दुकानदार बाईने मला पाहून मुलाला मागच्या दाराने पाठवलं. त्या घराचं कर्ज थकलेलं असणार. वाईट वाटलं. गावात शिरताच आधी पॅरिशमध्ये जा, तिथलं कोणीतरी सोबत घ्या आणि मगच घरोघरी फिरा.

मान्सालायच्या डोंगरात हानुनुओ मांग्यान या आदिवासी लोकांची वस्ती आहे. आंतून पोस्तमा हे डच मिशनरी १९५०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या पानायतायानला आले आणि २०१६ मध्ये वारले, तोवर त्यांचं आयुष्य याच लोकांचं होतं. हानुनुओ आजही सुरीने बांबूवर आपली लिपी कोरतात. ती ब्राह्मीच्या वंशातली. अक्षरात ‘अ’ मुळातच धरलेला असतो, इ-ए साठी वर खूण, उ-ओ साठी खाली. देवनागरी वाचणाऱ्याला ही रीत पाच मिनिटांत समजते. तिथल्या एका मुलीने माझं नाव बांबूवर कोरून दिलं, तेव्हा मी खूण कुठे येणार ते आधीच बोट ठेवून दाखवलं आणि सगळ्या बायका हसू लागल्या. याच पोस्तमांनी लागुना प्रांतात सापडलेला ताम्रपट वाचला. त्याची सुरुवात शक ८२२, वैशाख महिना अशी आहे, म्हणजे इसवी सन ९००. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो पाहाच. कालापानमधल्या मांग्यान हेरिटेज सेंटरमध्येही डोंगर चढण्यापूर्वी थांबा. तिथला तासभर वर आठवडाभर उपयोगी पडतो.

वर जायची वाट सोपी नाही. बूट, रेनकोट, टॉर्च तुमच्याकडे असणारच. तरी हाबाल-हाबाल, म्हणजे माणसं वाहणारी मोटरसायकल, जिथवर जाते तिथवरच नेते. पुढे लाल चिकणमाती आणि नदी. पूर्व मिंदोरोत डिसेंबर कोरडा नसतो. आदल्या रात्री डोंगरावर पाऊस झाला असेल तर सोबतचा मांग्यान माणूस काठीने पाणी बघून ‘थांबा’ म्हणतो. तेव्हा थांबायचं, कितीही वेळ. आम्ही थांबलो. पलीकडून उतरलेल्या, पाठीवर टोपली घेतलेल्या बायकाही थांबल्या होत्या, आणि त्या तर रोजच्या.

वर न विचारता जाऊ नका. १९९७च्या आदिवासी हक्क कायद्याने पूर्वापार जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. आधी पॅरिश, मग गावातले वडीलधारे, असं विचारत जा. जुन्या कपड्यांची पोती नेऊ नका आणि वाटप करतानाचे फोटो काढू नका. डिसेंबरमध्ये मांग्यान कुटुंबं लेकरांसह खाली हमरस्त्यावर येऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे हात पसरतात. ते पाहून माझा जीव गलबलला. गाडीतून नाणी फेकणारे लोक पाहून त्याहून जास्त. द्यायचं असेल तर तांदूळ, मीठ, औषधं पॅरिशमार्फत वर पोहोचवा.

२४ च्या संध्याकाळी खालच्या गावात पानुनुलुयान झालं. मरिया आणि योसेफ झालेली मुलं दारोदार जागा मागत फिरली, दारादारांतून नकार गाऊन दिला गेला, आणि शेवटी सगळी मिरवणूक चर्चमध्ये शिरली. पारोलचे, म्हणजे आकाशकंदिलांचे, तारे प्रत्येक घरावर होते. मिस्सेनंतर नोचे बुएनाचं जेवण: गोड स्पगेटी, हॅम, पान्सित, भाजलेलं डुक्कर. शाकाहारी माणसाने इथे येऊच नये, भाजीतही मांस किंवा माशाचा रस असतो. डोंगरावर दुसऱ्या दिवशी आम्ही रताळी आणि भात खाल्ला, आणि मला ते जेवण जास्त आवडलं.

परतीसाठी ३० डिसेंबर ते ३ जानेवारी टाळा, धक्क्यावर पुन्हा तीच गर्दी उलट्या दिशेने असते. मनिलात ९ जानेवारीला क्वियापो चर्चमधल्या काळ्या नाझरेनोची, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या काळ्या मूर्तीची, मिरवणूक असते. लाखो लोक अनवाणी येतात, जुन्या शहरातले रस्ते बंद होतात. त्या दिवशी विमान असेल तर आदल्या रात्रीच विमानतळाच्या जवळ मुक्काम करा.