मेडिकल हुकलं म्हणून

आज एफवायच्या प्रॅक्टिकलला एका मुलीने विचारलं, मॅडम, तुम्हाला मेडिकल नाही मिळालं म्हणून झूलॉजी घेतलंत का? वर्ग एकदम गप्प, शेजारणीने तिला कोपर मारलं. मी म्हटलं हो, चार मार्कांनी हुकलं. मग पुढे काय बोलावं सुचेना म्हणून सगळ्यांना मायक्रोस्कोप पुसायला लावले.

आमच्या वेळी नीट नाही सीईटी नाही, बारावीचे पीसीबीचे मार्क हेच काय ते. बाबा गिरणीत, १९८२च्या संपात घरी बसले ते बसलेच, त्यामुळे प्रायव्हेट कॉलेजचं नाव काढायचीही सोय नव्हती. बीएस्सीला नाव घातलं ते "बघू पुढे" म्हणून. आई चाळीत सांगायची पोरगी सायन्सला आहे, कुठल्या ते विचारलं की चहा ठेवायला आत जायची.

पहिलं वर्ष रडण्यात गेलं. झुरळ चिरा, बेडूक चिरा, जर्नल भरा. (आता ते चिरणं बंद झालंय, मला त्याची एकदाही आठवण आली नाही.)

एसवायला सरांनी शिवडीच्या खाजणात नेलं. लालबागच्या घरापासून चालत जाण्याइतकी जागा आणि मी कधी गेले नव्हते! ओहोटी होती. सर म्हणाले, कोणी बोलू नका, पंधरा मिनिटं बसा फक्त. बसलो. नुसता चिखल, डिझेलचा वास, तिवरांच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या. मग हळूहळू चिखलच हलायला लागला. निवट्या! आमच्याकडे कधीतरी कोळीणमावशी द्यायची, कालवणातच पाहिलेल्या, जिवंत कधी नाही. मासा असून पाण्याबाहेर पुढच्या परांवर रेलून बसलेला, म्हातारे कट्ट्यावर बसतात तसा. एक माझ्यापासून दोन हातांवर होती. तिने एक डोळा खोबणीत ओढून घेतला आणि परत वर काढला, ओला, चकचकीत. सर कुजबुजले, कोरडा पडू नये म्हणून, खोबणीत पाणी असतं. म्हणजे पापणी नाही तर अख्खा डोळाच बुडवून घ्यायचा! मी त्या दिवशी डबा खाल्लाच नाही, विसरले.

पुढचं काही ग्रेट नाही. एमएस्सी, प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा तिसऱ्या अटेम्प्टला, मग सात वर्षं क्लॉक अवर बेसिसवर, म्हणजे तासागणिक पैशांवर, दोन कॉलेजांत पळापळ, एका ठिकाणचे पैसे मार्चनंतर कधीतरी यायचे. पीएचडी एक्केचाळिसाव्या वर्षी, अर्थात निवट्यांवरच. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, ती काही टाइमटेबल बघत नाही, त्यामुळे कधी पहाटे पाचला चिखलात, कधी लेक्चर संपवून चपला हातात. मुलाला वाटायचं आई कोळीण आहे. सगळ्यात वेड लावलं ते बिळांनी. आत पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो आणि अंडी तिथेच, मग काही जातींत नर वर येऊन तोंडात हवा भरतो, खाली नेऊन सोडतो, परत वर येतो, भरतीच्या आधी हेच चाललेलं असतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाबांचीच आठवण आली, का ते सांगता येणार नाही.

आता शिवडीवरून अटल सेतू गेलाय. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, लोक फ्लेमिंगो बघायला कॅमेरे घेऊन येतात आणि पायाखालच्या निवटीकडे कोणी ढुंकून बघत नाही. असो, तिला तेच बरं.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये कळलं की त्या मुलीने दोनदा नीट दिलीय. म्हणजे प्रश्न माझ्याबद्दल नव्हताच. आणि मी काय केलं, तर मायक्रोस्कोप पुसायला लावले. शनिवारी सकाळी ओहोटी आहे. ग्रुपवर टाकलंय, जुने बूट, टोपी, पाण्याची बाटली, आणि पंधरा मिनिटं कोणी बोलायचं नाही.