ग्लासगोत भेटलेली असई

ग्लासगोत नोकरीला आल्यावर पहिल्याच रविवारी ऑफिसातल्या मित्राने मला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा दाखवायला नेलं. मॉडर्न आर्ट गॅलरीसमोर घोड्यावर बसलेला सेनापती, नि डोक्यावर रस्त्यावरचा तो नारिंगी शंकू. गेली चाळीसेक वर्षं पोरं रात्री वर चढून शंकू घालतात. २०१३ मध्ये पालिकेने चौथरा उंच करायचा घाट घातला होता. लोक असे भडकले की बेत गुंडाळावा लागला.

मीही हसलो. मग चौथऱ्यावरच्या, लढायांची चित्रं असलेल्या कांस्याच्या पट्ट्या बघायला वाकलो. मित्र म्हणाला, ही वॉटर्लू, नेपोलियनला हरवलं ती. आणि ही असे.

असे? अरे, ही आमची असई!

माझं गाव असईपासून फार लांब नाही, जालना जिल्ह्यात, भोकरदनकडे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला मराठे आणि इंग्रजांची लढाई झाली. तेव्हा हा ड्यूक नव्हता, नुसता आर्थर वेलस्ली. दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसताहेत म्हणजे इथे उतार असणारच, असं ताडून त्याने केळणा ओलांडली. अक्कल होती गड्याला, ते नाकारून काय मिळणार? पुढे कोणी विचारलं, लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर त्याने वॉटर्लू नाही, असई सांगितली म्हणतात.

आमच्या घरी त्या लढाईचा पुरावा म्हणजे एक लोखंडी गोळा. पणजोबांच्या नांगराला लागलेला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आजी तो दाराशी लावून ठेवायची. मी त्यावर बसून अभ्यास केलाय.

शाळेत मी ही लढाई 'आपण विरुद्ध इंग्रज' अशी शिकलो. पण वेलस्लीच्या फौजेत निम्म्याहून जास्त मद्रासचे शिपाई नि म्हैसूरचे स्वार होते. पेशव्यांचे घोडेस्वारसुद्धा त्याच्याच बाजूला. शिंद्यांचं कवायती पायदळ जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले स्वतः लवकर निघून गेले. तोफांपाशी उभे राहून मेले ते गोलंदाज. त्यांची नावं ना आमच्या पुस्तकात, ना इथल्या पट्टीवर.

स्कॉटलंडच्या ७४व्या हायलँडर पलटणीचीही त्या दिवशी चाळण झाली. ती पुढे जिच्यात गेली त्या ग्लासगोच्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर असईच्या लढाईची खूण म्हणून हत्ती आला. आणि गंमत म्हणजे आपल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आजही असईचाच हत्ती आहे! त्याच सुमारास दख्खनेत दुष्काळाने माणसं मरत होती. त्याचा बिल्ला कुठेच नाही.

शंकू काढा की ठेवा, यावर इथे तावातावाने बोलतात. मला तो राहिला तर हवाच आहे. पण त्या शंकूमुळे सगळ्यांच्या माना वर जातात आणि खाली कोणी वाकत नाही, ही माझी तक्रार.

मी पट्टीचा आणि पुतळ्याचा फोटो बाबांना पाठवला, खाली लिहिलं, "असई." पाच मिनिटांत फोन.

"त्याच्या डोक्यावर काय घातलंय रे?"

सांगितलं. बाबा जरा गप्प राहिले. "आपल्याकडं असं केलं असतं तर तालुका बंद राहिला असता आठ दिवस."

मग विचारलं, थंडी किती आहे तिकडे.