घरचं नाव

सोसायटीच्या खजिनदाराला पोस्टग्रेस कशाला लागतं, असं आईने विचारलं नाही, कारण तिला पोस्टग्रेस ठाऊक नाही. ठाऊक असतं तर नक्की विचारलं असतं. पोस्टग्रेस म्हणजे ढीगभर नोंदी सांभाळणारा डेटाबेस. गिरगावातली आमची तीन मजली इमारत, बिऱ्हाडं २४. त्यांचा मेंटेनन्स आणि सिंकिंग फंड दोनशे पानी वहीत मावतो, आजवर मावत आलाय. पण जुलैतला रविवार, बाहेर धो धो कोसळतोय, आणि समोर लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून जोडलेला म्हातारा डेस्कटॉप. अशा दिवशी नाही त्या गोष्टी सुचतात.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती आदल्याच दिवशी टाकली होती. तिला पोस्टग्रेसशी बोलायचं तर मध्ये सायकोपीजी-२ नावाचा दुभाषा लागतो. तो सी भाषेत लिहिलेला, म्हणून आपल्या मशीनवर कंपाइल करून, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात उतरवून घ्यायचा. आयता बांधलेलाही मिळतो, पण माझ्या नव्याकोऱ्या पायथनसाठी तो अजून निघाला नव्हता. शिवाय तो बनवणारेच सांगतात, की आयता शिकण्या-तपासण्यापुरता ठीक, खऱ्या कामाला स्वतः बांधलेलाच घ्या. आयत्याच्या पोटात लागणाऱ्या लायब्रऱ्याही, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, कोंबलेल्या असतात, आणि मशीनवरच्या त्यांच्या भाऊबंदांशी त्यांचं वाजू शकतं.

"सायको काय?" आतून आवाज.

"काही नाही गं. कंपाइल करतोय."

"म्हणजे?"

"शिजत ठेवलंय."

तेवढं तिला पटलं. त्यानंतर दर अर्ध्या तासाने "शिजलं का?" सुरू झालं.

शिजायला खरं तर अर्धा मिनिट पुरतं. दुभाषा छोटा आहे, तीस-चाळीस सी फाइली. दुपार गेली ती सामान जमवण्यात. पहिल्या फटक्यात पडदाभर लाल अक्षरं, आणि खाली पायथनचं सामान आणून बसवणाऱ्या पिपची नम्र टीप: ही चूक दुसऱ्या प्रक्रियेतून आलेली आहे, बहुधा पिपचा दोष नाही. आमच्याकडे येणारा प्लंबरही हेच सांगतो. पाणी वरच्या मजल्यावरून येतंय, आपल्या नळाचा काही संबंध नाही.

तक्रार होती, पीजी_कॉन्फिग सापडत नाही. हा बिचारा एवढुसा प्रोग्राम. पोस्टग्रेसच्या फाइली मशीनवर कुठे राहतात, एवढंच विचारणाऱ्याला सांगतो. चौकशीची खिडकीच म्हणा. खिडकी बंद म्हणून सगळं ऑफिस बंद. लिबपीक्यू ही पोस्टग्रेसशी बोलायची लायब्ररी. तिच्यावर बांधायला लागणारं सामान असलेलं लिबपीक्यू-डेव्ह नावाचं पॅकेज टाकलं, खिडकी उघडली. मग पायथन.एच ही फाइल नाही म्हणून अडलं. पायथनचं डेव्ह पॅकेज टाकलं, तरी तीच ओळ. वीस मिनिटं डोकं खाजवल्यावर उजेड पडला, की मी आणलं ते सिस्टीमबरोबर आलेल्या जुन्या पायथनचं होतं. नव्याचं वेगळं मागवायचं असतं, आवृत्तीच्या आकड्यासकट.

एक आहे, कंपायलर कामाला कधी कंटाळत नाही. हजारो ओळी मुकाट्याने दळतो. अडतो तो नावापाशी आणि पत्त्यापाशी.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक लहानसा सी प्रोग्राम बांधताना मी याच लिबपीक्यूपाशी ठेचकाळलो होतो. डेव्ह पॅकेज उतरवायला नेट धड नव्हतं, म्हणून मित्राकडून पेनड्राइव्हवर हेडर फाइली तेवढ्या आणल्या. हेडर म्हणजे जिन्याखालची नावांची पाटी: कोण राहतं ते कळतं, माणूस भेटत नाही. भेट घडवायची ती लिंकरने, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्याने. तो म्हणाला, लिबपीक्यू सापडत नाही. मी फोल्डर उघडून बघतो तर समोर बसलेली! फक्त तिचं नाव होतं लिबपीक्यू.एसओ.५. लिंकर शेवटचा ५ घेत नाही, तो नुसतं लिबपीक्यू.एसओ विचारतो. रेशनकार्डावर पूर्ण नाव लावलेला माणूस दारात उभा, आणि पाहुणा 'बाळ कुठाय' म्हणून परत चाललेला. डेव्ह पॅकेजात हेडरांसोबत हे घरचं नावही येतं, म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारा एक दुवा. मी तो हाताने लावला. एका ओळीचं काम, त्यापायी अख्खा शनिवार.

त्या लिबपीक्यू नावाचीही गंमत आहे. बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये पोस्टग्रेसचं काम सुरू केलं तेव्हा त्याला प्रश्न विचारायची भाषा आजची एसक्यूएल नव्हती, पोस्टक्वेल होती. पीक्यू आलं ते त्यातून. नव्वदच्या दशकात पोस्टक्वेल गेली, एसक्यूएल आली, १९९६ मध्ये खुद्द पोस्टग्रेसचं नाव पोस्टग्रेसक्यूएल झालं. लायब्ररी मात्र अजून जुन्याच नावाला ओ देते. यात मुंबईकराला नवल वाटू नये. लॅमिंग्टन रोडला कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.

संध्याकाळी साडेपाचला पंखा घरघरला आणि लाल अक्षरं आली नाहीत. काहीशे केबींची एक फाइल तयार. पायथन उघडून इम्पोर्ट केलं, तर काहीच झालं नाही. या धंद्यात काही न होणं हीच दाद.

"शिजलं गं!"

"मग वाढ."

टेबल बनवलं: खोली, नाव, थकबाकी. खोली १ ते १३ भराभर टाकल्या. चौदाशी हात थांबला. तिथल्या माई. लहानपणापासून त्यांच्याकडचा लाडू खाल्लाय, गेली तीन वर्षं त्यांच्या पावत्या फाडतोय. वही काढली, तर माझ्याच अक्षरात 'माई'. खाली जाऊन जिन्याखालची पाटी बघितली, तिथे त्यांच्या सासऱ्यांचं नाव, तेही अर्धं पुसलेलं.

वर आलो. "आई, चौदा नंबरच्या माईंचं नाव काय गं?"

आईने गॅस बारीक केला, बराच वेळ विचार केला.

"माईच की," ती म्हणाली.