वाईचे जुने फोटो: आधी पाठ बघा

जुना फोटो हाती आला की सगळे आधी चेहरे ओळखू लागतात. त्याआधी तो उलटा करा. स्टुडिओच्या शिक्क्यात जिल्हा ‘उत्तर सातारा’ असेल, तर फोटो 1949 ते 1960 मधला. (जुना शिक्का दुकानदार पुढे वर्ष-दोन वर्षं रेटतोच, तेवढी सूट धरा.) पत्त्यात पिनकोड असेल, तर 1972 च्या आधीचा नाही. ढोल्या गणपतीवरून मात्र काळ ठरत नाही. देऊळ 1762 चं, त्यामुळे घाटाच्या फोटोत त्याच्यावरून फक्त जागा आणि दिशा कळते.

म्हणून स्कॅन दोन्ही बाजूंचा करायचा आणि दोन्ही फाइलींना एकच क्रमांक द्यायचा: 0012अ, 0012ब. सहा बाय चार इंची फोटोला 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके) पुरे. टिफ फाइल साधारण 26 एमबीची होते. पासपोर्टएवढ्या फोटोला 1200 ठेवा. धूळ काढणारं ऑटो सेटिंग बंदच असू द्या, ते दागिन्यांचे बारीक मणीही धूळ समजून पुसतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते काचेला चिकटलेल्या फोटोंचं. पावसाळ्यात भिंतीची ओल फ्रेममध्ये उतरते, फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि सुकताना काच धरून बसतो. ओढलात तर चेहरा काचेवर आणि कागद हातात. वाफ, ओला बोळा, सुरी, काहीही नको. काचेसकट स्कॅन करा. स्वस्त सीआयएस स्कॅनरला काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं, त्यामुळे फ्रेमच्या काचेच्या जाडीने फोटो धूसर येतो. त्यासाठी थोडं वरचंही स्पष्ट टिपणारा सीसीडी स्कॅनरच लागतो. नवी फ्रेम करताना काच आणि फोटोच्या मध्ये माउंट बोर्डची चौकट टाकायला सांगा.

लॅमिनेशन आणि सेलोटेप कधीच नको. पाठीवर बॉलपेनने लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतात. जुन्या कागदावर मऊ पेन्सिल चालते. गुळगुळीत प्लास्टिकसारख्या पाठीवर ती उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहा.

नावं विचारायला मूळ फोटो घेऊन हिंडू नका. मोठा प्रिंट काढून प्रत्येक डोक्याजवळ आकडा टाका. ‘डावीकडून तिसरा’ म्हटलं की बसलेल्यांत की उभ्यांत, हा घोळ ठरलेला. एकाच माणसाची दोघांनी दोन नावं सांगितली, तर दोन्ही लिहा आणि कोणतं कोणी सांगितलं तेही.