लॅपटॉप आधी की गणपती आधी

हॅम्बुर्गमध्ये राहून बंदरातील क्रेन आणि अवजड यंत्रांच्या देखभालीची वेळापत्रके आखून देण्याचा माझा स्वतंत्र व्यवसाय आहे. दर वर्षी गणपतीच्या थोडे आधीपासून दसऱ्यापर्यंत तो मी वेंगुर्ल्याच्या घरातून चालवते. माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला, आणि ग्राहकांची कागदपत्रे अशा यंत्रावर ठेवणे योग्य नसल्याने नवा लॅपटॉप घेणे भागच होते. यंदा चतुर्थी सप्टेंबरच्या मध्यावर आहे, म्हणजे हाताशी पुरेसा वेळ होता. तरीही निवड शेवटी यंत्राच्या गुणांपेक्षा ते हातात कधी पडेल याच प्रश्नावर येऊन ठेपली. घरी फोन केला की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “काय गो चेडवा, लॅपटॉप आधी येतलो की गणपती?”

कार्यालयीन वापराचे लॅपटॉप दोन प्रकारे विकले जातात. पहिल्या प्रकारात कंपनीने ठरवलेल्या रचनेची यंत्रे आधीच बनवून गोदामात ठेवलेली असतात आणि मागणी नोंदवल्यावर दोन-चार दिवसांत घरी येतात. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसर, स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड, सिमकार्डाची सोय असे सर्व काही आपण निवडायचे आणि मग ते यंत्र कारखान्यात, बहुधा चीनमध्ये, जुळवले जायचे. विलंबाचे मूळ या दुसऱ्या प्रकारात आहे, कारण निवडलेल्या दहा भागांपैकी नऊ हजर असून चालत नाही; उरलेला एक भाग येईपर्यंत सगळी मागणी अडून राहते. २०२१-२२ च्या चिप-टंचाईतही पुष्कळदा महागडे प्रोसेसर नव्हे, तर वीजपुरवठा सांभाळणाऱ्या अगदी स्वस्त चिपा मिळत नव्हत्या. माल समुद्रमार्गे निघाला तर त्यात आणखी भर पडते, कारण २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाजांनी सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालणे पत्करले आणि त्यात दहा दिवस ते दोन आठवडे जास्त लागतात.

माझी पहिली मागणी दुसऱ्या प्रकारची होती. विक्रेत्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या सुमारास ज्या ज्या ठिकाणी चौकशी केली तेथे उत्तर एकच होते: पुष्टीच्या मेलमध्ये जी तारीख असते ती यंत्र कारखान्यातून निघण्याची अंदाजे तारीख असते, घरी पोहोचण्याची नव्हे. आणि ती जवळ आली की पुढे सरकल्याचा दुसरा मेल येतो. अशा तारखेवर विमानाचे तिकीट काढणे म्हणजे होडी किनाऱ्याला लागण्याआधीच सुरमईसाठी वाटप वाटायला घेणे. युरोपात ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत परत करता येते हे आपल्याकडेही अनेकांना माहीत असते, परंतु तो हक्क घरगुती ग्राहकाचा आहे. व्यवसायाच्या नावाने घेतलेल्या वस्तूला तो लागू नाही, आणि ग्राहकाच्या खास निवडीनुसार बनवलेल्या वस्तूंना तर तो घरगुती खरेदीतही मिळेलच असे नाही. माझ्या यंत्राचे उत्पादन सुरूच झाले नव्हते, म्हणून विक्रेत्याने विनातक्रार मागणी रद्द केली.

मग गोदामात तयार असलेल्या यंत्रांतून निवड करायची ठरली, आणि तेथे विचाराची दिशाच बदलावी लागली. मनासारखे सर्व काही एका यंत्रात मिळणार नाही हे गृहीत धरले, की यातील कोणती उणीव पुढे घरबसल्या भरून काढता येईल आणि कोणती जन्मभर सोसावी लागेल, एवढाच प्रश्न उरतो. एसएसडी, म्हणजे फायली साठवणारा भाग, जवळजवळ सर्वच कार्यालयीन लॅपटॉपमध्ये बदलता येते. रॅमचे, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या स्मृतीचे, तसे नाही. लेनोवोचा थिंकपॅड टी१४ जेन ५, एचपीचे एलिटबुक ८४० जी११ किंवा डेलचे लॅटिट्यूड ५४५० यांत रॅमच्या पट्ट्या काढता-घालता येतात, पण टी१४एस किंवा एक्स१ कार्बनसारख्या सडपातळ यंत्रांत ती मदरबोर्डवरच डाखलेली असते, आणि इंटेलच्या लुनार लेक पिढीत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे. तेथे १६ जीबी घेतली तर १६ जीबीच राहते. एरवी मी रॅम नंतर सावकाश घ्या असे सांगितले असते, परंतु २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव इतके चढले आहेत की तयार यंत्रात ३२ जीबी मिळत असेल तर तेच स्वस्त पडू शकते.

स्क्रीन ही मात्र सोसावी लागणारी गोष्ट आहे. पैसे आणि धीर असेल तर तीही बदलता येते, पण सहसा कोणी बदलत नाही. तयार यंत्रांत कंपन्या बहुधा इथेच हात आखडता घेतात. माहितीपत्रकात ‘३०० निट्स, ४५ टक्के एनटीएससी’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असले, तर ती फिक्या रंगांची स्क्रीन आहे असे समजावे; निट्स हे उजळपणाचे माप आहे आणि एनटीएससीची टक्केवारी रंगांच्या व्याप्तीचे. हॅम्बुर्गच्या ढगाळ खोलीत तिचे काही वाटत नाही. वेंगुर्ल्याच्या पडवीत, ओल्या अंगणावरून उजेड परतून डोळ्यांवर येत असताना, तक्त्यातील करड्या रेघा तिच्यावर दिसेनाशा होतात. ४०० निट्सची, झळाळी नसलेली स्क्रीन ही अट मी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि त्या एका अटीने निम्मी यादी गळाली.

कीबोर्डवर मात्र मी तडजोड केली. जर्मनीत तयार मिळणाऱ्या बहुतेक सर्व यंत्रांवर जर्मन मांडणी असते. तिच्यात वाय आणि झेड या कळांच्या जागांची अदलाबदल असते, एंटरची कळ उभी असते आणि डावी शिफ्ट आखूड करून तिच्या शेजारी एक जादा कळ बसवलेली असते. अमेरिकन मांडणी हवी म्हटले की बहुधा कारखान्यातूनच बनवून घ्यावी लागते, आणि माझ्या मागणीतही वाट पाहायला लावणारा भाग तोच होता. विंडोजमध्ये मांडणी अमेरिकन निवडली की कळांवरील छाप चुकीचे दिसतात, पण न बघता टंकणाऱ्याचे काम चालते. मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट ही मांडणी वापरते, तेथे कळांवर देवनागरी छापलेलीच नसते, त्यामुळे काही बिघडत नाही. आखूड शिफ्टची सवय व्हायला तेवढा वेळ जातो. शिवाय थिंकपॅड टी१४ मध्ये कीबोर्ड सुटा निघतो, म्हणून पुढेमागे तो बदलण्याची वाट मोकळी राहते.

बॅटरीच्या बाबतीत कोकणातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. अशा वेळी कोणतीही बॅटरी पुरी पडणार नाही, आणि त्या हिशेबाने यंत्र निवडण्यात अर्थही नाही. हिशेब धरायचा तो भाद्रपदातल्या नेहमीच्या, फांदी पडून दुपारभर गेलेल्या विजेचा. टी१४ जेन ५ मध्ये बॅटरी ३९.३ किंवा ५२.५ वॅट-तासांची येते, आणि स्वस्त तयार यंत्रांत बहुधा लहानच असते, हे जाहिरातीच्या मथळ्यात कोणी लिहीत नाही. जोडीला २०,००० एमएएचची, यूएसबी-सीमधून ६५ वॅट देणारी पॉवर बँक घेतली. ती ७४ वॅट-तासांची भरते, म्हणजे विमानात विनापरवाना नेता येणाऱ्या १०० वॅट-तासांच्या मर्यादेत बसते. मात्र ती हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते, सामानात टाकता येत नाही.

अखेरच्या विचारात चार यंत्रे राहिली. एलिटबुक ८४० जी११ ची बांधणी मला सर्वांत आवडली, पण उपलब्ध नगांत स्क्रीन फिकी होती. लॅटिट्यूड सवलतीत होते, कारण डेलने जानेवारी २०२५ मध्ये ते नावच बंद करून ‘डेल प्रो’ सुरू केले आहे; यंत्र चांगले असले तरी हव्या त्या स्क्रीनचा नग पुन्हा थांबायला लावणारा निघाला. भाडेकराराची मुदत संपून कार्यालयांकडून परत आलेले थिंकपॅड टी४८० अजूनही मिळतात, आणि यंत्र चालू असताना मागची बॅटरी काढून दुसरी लावण्याची त्यांची सोय पावसाळ्यात मोहात पाडणारी आहे. परंतु ते २०१८ चे यंत्र आहे आणि विंडोज ११ च्या अटींत ते जेमतेम बसते. दुसरा लॅपटॉप म्हणून मी ते जरूर सुचवीन. शेवटी मोठ्या बॅटरीचा आणि ४०० निट्स स्क्रीनचा टी१४ जेन ५, जुन्या पिढीचा असूनही, घेतला. वेळापत्रके आणि हिशेब यांसाठी नव्या पिढीच्या प्रोसेसरने जाणवेल असा फरक पडत नाही.

‘एमआयएल-एसटीडी-८१०एच’ या अमेरिकी लष्करी मानकाच्या शिक्क्यावर मात्र किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी फार विसंबू नये. ती चाचण्यांची एक लांबलचक जंत्री आहे आणि तिच्यातल्या कोणत्या करायच्या ते कंपनी ठरवते. खाऱ्या हवेची चाचणी तिच्यात आहे, पण आपल्या यंत्रावर ती झाली आहे की नाही हे माहितीपत्रकात पाहावे लागते.

वॉरंटीची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण ती खरेदीनंतर, मूळ मुदत चालू असताना, बहुधा वाढवून घेता येते. विचारायचे ते दोन प्रश्न: ही वॉरंटी भारतात चालते का, आणि घरी येऊन दुरुस्ती करणारा माणूस आपल्या पिन कोडपर्यंत येतो का. शहरांसाठी छापलेले ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ हे शब्द तळकोकणात तसेच लागू पडतील असे धरू नये, आणि जर्मन कीबोर्ड येथील सेवा केंद्रात तयार असेल अशी आशाही ठेवू नये. जर्मनीहून कोणासाठी यंत्र आणायचे असेल, तर अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे तो बदलावा लागत नाही. जर्मन प्लग मात्र आपल्या सॉकेटात नीट बसेलच असे नाही. अडॅप्टरपासून भिंतीपर्यंतची तेवढी वायर सुटी निघत असेल, तर भारतीय पिनांची वायर कुडाळच्या किंवा सावंतवाडीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मिळते.