तांबट आळीत आईबरोबर: पेले, तपेलं आणि चमचे

आजीचं तांब्याचं तपेलं पोचे पडून माळ्यावर गेलं होतं. आईला ते पुन्हा चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, चढवायचं होतं. मला हवे होते रोजच्या जेवणासाठी पेले आणि चमचे. गेल्या महिन्यात दोघी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो.

गाडी नेऊ नका. कसबा पेठ मेट्रो स्थानकावर उतरा आणि चालत जा. बोळ अरुंद आहेत, शिवाय परतताना हातात वजन असतं. सकाळी गेलात तर काम चालू असलेलं दिसतं. नुसती खरेदी उरकून निघू नका, अर्धा तास उभं राहून काम पाहा.

पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी. हल्ली भांड्याचा आकार बहुतेक वेळा यंत्रावर निघतो, पण त्यावरचं मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून काढणं, हातानेच होतं. कारागीर लोखंडी खुंटीवर भांडं धरतो. डाव्या हाताने ते जरा जरा फिरवतो आणि उजव्या हाताने एकाला लागून एक ठोके देत जातो. ते नुसत्या नक्षीसाठी नसतं. ठोक्यांनी मऊ तांबं कडक होतं, भांड्याला लवकर पोचे पडत नाहीत. फार कडक झालं तर चिरतं, म्हणून मधूनच ते तापवून पुन्हा मऊ करतात. मी पाहत होते त्या काकांनी पूर्ण फेरा होईपर्यंत मान वर केली नाही. त्या मजुरीला घासाघीस करायला माझी जीभ रेटली नाही, तुम्हीही करू नये असं मनापासून वाटतं.

घेताना भांडं उजेडात तिरकं धरा. हाताचे ठोके ओळीत असतात, तरी एकासारखा एक नसतो. साच्यात दाबलेली नक्षी तंतोतंत सारखी दिसते. तांब्याचा भाव वजनावर असतो. मजुरी वेगळी आहे का, ते आधीच विचारा.

आईचं तपेलं पाहून काका म्हणाले, "ताई, पत्रा चांगला जाड आहे, टाकू नका. पण कल्हई केल्याशिवाय यात आमटी शिजवायची नाही." आमच्याकडे एकदा कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकलं होतं, त्यामुळे आईला हे वेगळं सांगावं लागलं नाही. चिंच, कोकम, ताक, लोणचं असलं आंबट उघड्या तांब्यापितळेत ठेवू नका. कल्हईसाठी भांडं तापवून नवसागर टाकतात, कथील फिरवतात आणि कापसाने पुसून घेतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नये. कथलात शिसं मिसळलेलं नाही ना, हे नक्की विचारा.

चमचे मात्र स्टीलचेच घेतले, रविवार पेठेतल्या भांडी आळीत. गेल्या वर्षी एका दुकानातून आणलेल्या काट्यांवर दोन महिन्यांत गंजाचे ठिपके आले होते, म्हणून या वेळी लोहचुंबक घेऊन गेले. १८/८ स्टीलला, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्याला, चुंबक जवळजवळ चिकटत नाही. पण कमी निकेलचं स्वस्त २०२ स्टीलही चिकटत नाही, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. बिलावर स्टीलचा प्रकार लिहून घ्या. सुरीला चुंबक चिकटलं तर घाबरू नका, धार टिकायला तिचं स्टील वेगळंच लागतं. काट्याच्या दातांमधून बोट फिरवून पाहा. पॉलिश नीट नसेल तर तिथे खरखर लागते आणि अन्नही तिथेच अडकतं. चमचा मानेशी दाबून पाहा; पातळ असेल तर लगेच वाकतो.

तपेलं त्याच दिवशी मिळालं नाही, चार दिवसांनी पुन्हा जावं लागलं. बाहेरगावहून येणार असाल तर पुण्यात पोचल्या पोचल्या आधी भांडं दुरुस्तीला टाका, बाकीची कामं नंतर.