टाइल्स बसवणाऱ्याला टाळ्या

फ्रान्समधलं काहीही सांगायला घेतलं की ठाण्यातली आमची मंडळी आयफेल टॉवरवरच अडकतात. म्हणून हे लिहूनच काढते. सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या ल्योनला 'वर्ल्डस्किल्स' झालं. हाताला कसब असलेल्या तरुणांची ही जागतिक स्पर्धा १९५० साली माद्रिदला सुरू झाली तेव्हा स्पेन आणि पोर्तुगाल एवढेच दोन देश होते. ल्योनला सत्तरच्या आसपास देश आले आणि प्रकार होते ५९: वेल्डिंग, सुतारकाम, प्लंबिंग, केशरचना, बेकरीपासून थेट सायबर सुरक्षेपर्यंत. वयाची अट बहुतेक प्रकारांत २२ वर्षांपर्यंत, काहींत २५.

युरएक्स्पोच्या त्या अवाढव्य हॉलमध्ये मी रेंगाळले ती टाइल्सवाल्यांपाशी. ड्रॉइंगबरहुकूम टाइल्स कापून भिंतीवर नक्षी उभी करायची. एक पोरगा गोलाई दिलेला तुकडा घासायचा, लावून बघायचा, काढायचा, परत घासायचा. सांध्यात केसभर फट मला तरी दिसत नव्हती, त्याला दिसत होती. शेवटी तुकडा बसला आणि कठड्याबाहेरच्या शाळकरी मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. आधी फडक्याने टाइल पुसली, मग खाली सांडलेला चुरा झाडला.

गुण देण्याची पद्धत मला फार आवडली. पाणसळ, गुण्या, पट्टी लावून जे मोजता येतं, त्याचे गुण वेगळे. जे नजरेनेच ठरवायचं, त्याला शून्य ते तीन. धंद्यात चालण्याइतकंही काम नसेल तर शून्य. नुसतं चालण्यासारखं असेल तर एक. म्हणजे आपण ज्याला 'झालं की छान' म्हणून पैसे देतो, ते तिथे एकावर थांबतं!

कळव्याच्या काकांना फोनवर हे सांगितलं. त्यांची उभी हयात वागळे इस्टेटमध्ये लेथवर गेली. कोण जिंकलं वगैरे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "टर्निंग असतं का गं त्यात? टॉलरन्स किती देतात?" सीएनसी टर्निंग, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवरचं काम, असतं आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी चूक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, हे ऐकल्यावर म्हणाले, "हां, मग ठीक आहे."

इकडे सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. फ्रान्समध्येही मार्क कमी पडलेल्या मुलांनाच व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत ढकलतात, अशी तक्रार जुनीच आहे. फरक इतकाच, की इथे शाळेचे वर्गच्या वर्ग आणून मुलांना हे काम हातभर अंतरावरून दाखवलं. घोडबंदर रोडला एवढे टॉवर उठले, पण आपण टाइल्सवाल्याला काय विचारतो? स्क्वेअर फुटाला किती घेणार?

आपली मुलंही ल्योनला होती, ६० जण. चार कांस्यपदकं मिळाली: पेस्ट्री, इंडस्ट्री ४.० (कारखान्यातली संगणकाने जोडलेली यंत्रणा), हॉटेल रिसेप्शन आणि अपारंपरिक ऊर्जा. शिवाय ७०० गुणांच्या वर गेलेल्यांना जे उत्कृष्टतेचं पदक देतात, ती बारा. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं एक अक्षर आलं नाही. ऑलिंपिकच्या कांस्यपदकाला मात्र त्याच ग्रुपवर दोन दिवस फटाके फुटत होते.

काकांचा नातू आयटीआयला फिटर करतोय. वहिनी कुणालाही सांगताना घाईघाईने पुढे जोडतात, "नंतर डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला टाकणार आहोत." त्याला मी इंडियास्किल्सची सगळी माहिती पाठवली. राज्यातून निवड होऊन पुढे देशपातळीवर जायचं, आणि त्यातून वर्ल्डस्किल्सचा संघ ठरतो. पुढची स्पर्धा २०२६ मध्ये शांघायला आहे. पोराने अंगठा पाठवला. वहिनींचा मेसेज आला, "याचे मार्क डिप्लोमाच्या अ‍ॅडमिशनला धरतात का?"